ज्ञानाचाही अनुशेष



अनुशेष म्हटला की विदर्भातील कार्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर धरणे, रस्ते आणि विजेचे खांब उभे राहतात. १९८४ साली दांडेकर समितीने या गोष्टींबरोबर शिक्षणातील तूटही मोजली. परंतु दोन प्रदेशांतील विद्यापीठे एकत्र संशोधन करतात तेव्हा अटी कोणाच्या चालतात, हा प्रश्न कोणत्याही तक्त्यात मावत नाही.

असे सहकार्य केवळ प्राध्यापकांच्या परस्परस्नेहावर ठरते, ही समजूत भाबडी आहे. अंतर हाच अडसर, असेही नाही. नागपूर विद्यापीठ १९२३ सालचे. याच शहरात १९५८ मध्ये, आज ‘नीरी’ म्हणून ओळखली जाणारी संस्था निघाली. १९७६ मध्ये केंद्रीय कापूस संशोधन संस्था आली. शेजार आहे, पण शेजार म्हणजे सहकार्य नव्हे. संशोधनातील नाते पाच-दहा वर्षे जोपासावे लागते. ज्या विभागात तासिका तत्त्वावरील शिक्षक पुढच्या सत्राच्या चिंतेत असतो, तेथे ते नाते कोणी जोपासावे? कायम पदे, उपकरणे आणि निधी ज्याच्या हाती, प्रश्नही तोच ठरवतो. उरलेल्यांच्या वाट्याला नमुने गोळा करण्याचे काम येते.

सिकलसेलचे उदाहरण बोलके आहे. मध्य भारतातील या विकाराविषयी शुक्ला आणि सोलंकी यांचा निबंध १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. रोग्याचे दुःख येथले, पहिली नोंदही इतकी जुनी. म्हणून पुढील संशोधनात येथील विद्यापीठांचे स्थान केवळ रक्ताचे नमुने पुरविणाऱ्याचे असता कामा नये. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाची खरी कसोटी हीच आहे.

दुसरा मार्ग अशक्य नाही. १९८८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्यात ‘आयुका’ स्थापन केली. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली तेथे अशी पद्धत रुजली की, दूरच्या विद्यापीठातील शिक्षकाने आपली नोकरी व आपले विद्यार्थी न सोडता तेथे यावे, साधने वापरावीत आणि परत जावे. संस्था पुण्याची खरी, पण तिच्यावरील हक्क साऱ्या विद्यापीठांचा. समाजवादी विचारात ज्याला सामाईक मालकी म्हणतात, तिचे हे छोटे रूप होय.

२०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने सबळ संस्थेला मध्यवर्ती ठेवून इतर विद्यापीठे तिला जोडण्याची योजना आखली आहे. हेतू स्वागतार्ह आहे. तथापि बैलगाडीच्या चाकात आरे तुंब्यात रुतलेले असतात. आऱ्याचा आऱ्याशी थेट संबंध नसतो. नागपूर, अमरावती आणि गडचिरोली यांना परस्परांशी बोलण्यासाठी नेहमी तिसऱ्याची मध्यस्थी लागली, तर विषमतेलाच सहकार्याचे नाव मिळेल.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. रिक्त पदे कायम स्वरूपात भरावीत. संशोधनाचा प्रश्न दोन्ही विद्यापीठांनी मिळून ठरवावा. गोळा झालेली माहिती ज्या जिल्ह्यातून आली तेथेही राहावी. संविधानाच्या ३७१(२) कलमात विदर्भाच्या तंत्रशिक्षणासाठी न्याय्य व्यवस्थेची तरतूद आहे. पण विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. कलम कागदावर असते, त्याला जिवंत ठेवते ती चळवळ. पाण्यासाठी मोर्चा काढणाऱ्यांनी प्रयोगशाळेच्या दारावरही थाप मारली पाहिजे.