सूर्याची वीज : घ्यावी की न घ्यावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



गेले काही महिने वाडीत, बाजारात, फार काय हळदीकुंकवालासुद्धा एकच वाद ऐकू येतो. छपरावर सोलर बसवावे की बसवू नये? कोणी म्हणतो, बिल शून्यावर येते. कोणी म्हणतो, सगळी फसवणूक आहे. आवाज दोन्हीकडून मोठा, आणि तो बहुधा पुरुषमंडळींचा. वास्तविक विहिरीचा पंप, मिक्सर, फ्रीज, मुलांच्या अभ्यासाचा दिवा, यांच्याशी दिवसभर गाठ आपली. तेव्हा या वादात आपणही दोन शब्द बोलावे, असे मला वाटले.

उन्हाचा उपयोग आपल्याला कोणी शिकवायला नको. आमसुले, फणसाचे पापड, आंब्याची साठे, सुकी मासळी ही सगळी उन्हाचीच कृपा. वाऱ्याचेही तसेच. १९८६ साली देशातली वाऱ्याच्या विजेची पहिली केंद्रे उभी राहिली, ती गुजरात, तामिळनाडू आणि आपल्या महाराष्ट्राच्या समुद्रकाठी. आपल्या जिल्ह्यात देवगडला पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या पाहायला आपल्यापैकी कितीतरी जणी मुलांना घेऊन गेल्या असतील. पुढे मोठा पसारा झाला तो घाटावर, सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर. तिथे दुष्काळ पडला तेव्हा लोक म्हणू लागले, ही पाती ढगांना हाकलतात. हे काही खरे नव्हे. पावसाचे ढग येतात समुद्रावरून, शेकडो कोसांचा पट्टा घेऊन. शंभर-सव्वाशे मीटर उंचीची पाती त्यांना काय अडवणार? परंतु जमीन कवडीमोलाने गेली, डोंगर फोडून रस्ते केले आणि गावाला काय मिळाले, ही तक्रार मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ढगांच्या गोष्टीमुळे ती मागे पडली, याचे मला वाईट वाटते.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारची. जैतापूरजवळ माडबनला अणुवीज केंद्र करायचे ठरले. १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या, मिळून ९९०० मेगावॉट. २०११ साली जपानात फुकुशिमाला अपघात झाला आणि इकडची भीती दुणावली. विरोध करणाऱ्यांना तेव्हा विचारीत, "मग वीज आणणार कुठून?" प्रश्न रास्त होता. "उन्हावाऱ्यातून आणा," असे उत्तर अनेकांनी दिले. सभेत ते देणे सोपे होते. आता तेच उत्तर आपल्या छपरापाशी येऊन उभे आहे, तर ते नीट पारखून घेतले पाहिजे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना काढली. एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते, आणि चांगले ऊन असेल तर दिवसाला चारेक युनिट वीज होते.

यावर आमच्या शेजारच्या काकूंनी लाखातला प्रश्न विचारला, "ह्या सगळा खरा, पण पावसात काय करूचा?" पावसाळ्यात वीज निम्म्याच्याही खाली येते, हे खरे. पण मीटर दोन्हीकडे मोजतो. आपण वापरून उरलेली वीज तारेतून बाहेर जाते, ती आपल्या खात्यावर जमा होते, आणि एप्रिल-मेची ही शिल्लक जून-जुलैत कामी येते. हा हिशेब मार्चअखेर मिटतो. त्यानंतर उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, पण थोडे. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवण्यात शहाणपण नाही. शिवाय स्थिर आकार भरावाच लागतो. "बिल शून्य" म्हणणारा ही गोष्ट सांगत नाही.

ज्या घरात महिन्याला पन्नास-साठ युनिटच जळतात, तिथे वीज मुळातच स्वस्त दराने मिळते. त्या घराने कर्ज काढून तीन किलोवॉट बसवणे मला पटत नाही. अशा लहान ग्राहकांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये वेगळी मदत जाहीर केली आहे, तिची चौकशी आधी करावी.

आता मुख्य गोष्ट. मे २०२१ चे तौक्ते वादळ कोणी विसरलेले नाही. खांब आडवे, माड आडवे, तारा रस्त्यात. कितीतरी वाड्यांत दिवसच्या दिवस अंधार होता. पंप बंद, म्हणून ज्यांनी विहिरीवरचे रहाट मोडून टाकले होते त्यांचे पाण्यावाचून हाल झाले. मोबाइल मेले, मुंबईच्या माणसांना खुशाली कळवता येईना. आज पुष्कळ बायका मनात धरून आहेत की सोलर घेतले म्हणजे पुन्हा ती पाळी यायची नाही. भगिनींनो, साधे सोलर घेतले तर ती पाळी येईल! तारेची वीज गेली की हा संच आपोआप बंद पडतो, मग बाहेर कितीही ऊन असो. तसा तो मुद्दाम केलेला असतो. नाहीतर आपल्या घरची वीज उलट तारेत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेईल. अंधारात दिवा हवा असेल तर बॅटरी आणि तिच्याबरोबर चालणारा इन्व्हर्टर हवा. त्याचा खर्च वेगळा, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. हे आधी न विचारता सही केली, तर पुढच्या वादळात हळहळावे लागेल.

आपल्या भागाच्या आणखी काही अडचणी आहेत. कौलारू घरावर संच बसवणे स्लॅबइतके सोपे नाही. वासे जुने असतील तर आधी सुतार दाखवावा. माडाची सावली एका पॅनेलवर पडली तरी सगळ्या रांगेची वीज घटते, आणि वरून नारळ पडला तर विचारूच नका. माड तोडून सोलर लावणाऱ्याला मी तरी शाबासकी देणार नाही. खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड टिकत नाही. सांगाडा जस्ताचा जाड थर दिलेला किंवा अ‍ॅल्युमिनियमचा हवा, आणि वादळात उडणार नाही असा पक्का बांधलेला. आणि हो, गच्चीवर आमसुले वाळवायला जागा ठेवायची, हे घरातल्या पुरुषमाणसाला आपणच सांगायचे. त्याच्या ध्यानात ते येणार नाही.

माझी सूचना अशी, की घरोघर धावण्याआधी मंडळाच्या सभागृहावर एक लहानसा, बॅटरीसकट संच बसवावा. वादळात वाडीतले मोबाइल तिथे चार्ज व्हावेत, चार दिवे लागावेत, आणि जमल्यास पाण्याच्या पंपाचाही विचार व्हावा. पंपाला किती मोठी बॅटरी लागेल, हे जाणकाराला विचारून मगच ठरवावे. निदान दोघांकडून लेखी दर मागवावेत, आणि बिघडल्यावर मालवणात दुरुस्तीला कोण येणार, तेही लिहून घ्यावे.

पुढल्या महिन्याच्या सभेत हा विषय घ्यावा, अशी अध्यक्षीणबाईंना विनंती आहे. सभेला येताना प्रत्येकीने आपल्या घरची विजेची दोन बिले आणावीत, एक मे महिन्याचे आणि एक ऑगस्टचे. आकडेमोड आपण तिथेच बसून करू.