कानावर पडलेलं



गेल्या महिन्यात मी स्वारगेटहून साताऱ्याला निघाले होते. एसटी गच्च भरलेली. माझ्या पुढच्या बाकावर एक नऊवारीतल्या आजी होत्या. त्यांनी मांडीवर मोबाइल उभा धरला होता आणि त्यातून एका महाराजांचं कीर्तन चाललं होतं. आवाज असा की ड्रायव्हरलाही पुण्य लागावं. मागच्या बाकावरचा मुलगा क्रिकेटचे तुकडे बघत होता. दर अर्ध्या मिनिटाला स्टेडियम ओरडत होतं. आणि पलीकडचे एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी ठणकावून सांगत होते, "अहो, पाचवडला आलोय, वीस मिनिटांत स्टँडवर!" गाडी तेव्हा खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर उभी होती.

कंडक्टर तिकिटं देत देत आजींपाशी आला. वाकून म्हणाला, "आजी, महाराज मघापास्नं बोलत्यात. घसा बसंल की त्यांचा. जरा इस्वाटा द्या त्यांना." आजी मनापासून हसल्या आणि त्यांनी फोन बंद केला. गंमत म्हणजे मागचं स्टेडियमही न सांगता गप्प झालं. पाचवडवाले गृहस्थ मात्र शिरवळ येईपर्यंत पाचवडलाच होते.

मला त्या कंडक्टरचं फार कौतुक वाटलं. कारण फोनवर बोलणाऱ्या माणसाला थांबायला सांगणं किती अवघड असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. माझी निम्मी नोकरी तेच करण्यात गेली. १९७८ साली मी साताऱ्याच्या ट्रंक एक्स्चेंजला ऑपरेटर म्हणून लागले. डोक्यावर हेडसेट, समोर बोर्ड, हातात दोऱ्या. ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग असे कॉल लोक बुक करायचे आणि तासन् तास वाट बघायचे. लाइन लागली की तीन मिनिटं. ती संपली की आम्ही मध्ये जाऊन सांगायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" कुणाचं भांडण अर्ध्यावर असे, कुणाचं लग्न ठरत असे. तेवढ्या एका वाक्यात आवाज कसा ठेवायचा, हे शिकायला मला वर्ष लागलं.

ते शिकवलं आमच्या सुपरवायझर बाईंनी. त्यांच्याकडे मी पुढे येतेच.

आणखी एक गोष्ट आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. लाइनवर कानावर पडलेलं कानातच राहिलं पाहिजे. १८८५च्या टेलिग्राफ कायद्यात खात्याच्या माणसानं निरोप फोडला तर शिक्षेची तरतूद होती. गावातल्या निम्म्या घरांच्या भानगडी आम्हाला माहीत व्हायच्या. पण घरी जेवताना नवऱ्यालासुद्धा त्यातलं अक्षर सांगायची सोय नव्हती. आता निवृत्त होऊन मी एसटीत बसते, तर शेजारची बाई तिच्या जावेचं ऑपरेशन, दिराचं कर्ज आणि नणंदेचा स्वभाव चाळीस माणसांना ऐकवते. कानावर पडू नये म्हणून ज्यांनी शपथा घेतल्या, त्यांच्याच कानांवर हे सगळं सक्तीनं.

लोक मोबाइलवर एवढं ओरडतात का, याचा मी पुष्कळ विचार केलाय. खात्यातली असल्यामुळे थोडं तांत्रिकही सांगते. जुन्या काळ्या फोनमध्ये आपण बोललो की आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत यायचा. त्याला साइडटोन म्हणत. त्यामुळे आपण किती मोठ्यानं बोलतोय याचा अंदाज आपोआप राहायचा. मोबाइलवर तो फारसा जाणवत नाही. दुसरं म्हणजे, भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी हे १९११ साली दाखवून दिलं आणि त्यांच्याच नावानं ते ओळखलं जातं. म्हणजे एसटीचं इंजिन ओरडतं म्हणून आपण ओरडतो. आणि माझ्या पिढीचं म्हणाल तर मुंबईशी बोलताना मुंबईपर्यंत आवाज गेला पाहिजे, ही ट्रंक कॉलच्या काळातली सवय. ती हाडात मुरलीय. सूनबाई म्हणते, "आई, फोन ठेवलात तरी त्यांना ऐकू जाईल."

बरं, दोन माणसं शेजारी बसून गप्पा मारत असली तर आपल्याला एवढा त्रास होत नाही. फोनवरचं बोलणं मात्र डोक्यात घुसतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली याची कारणमीमांसा केली. बोलण्याची एकच बाजू ऐकू आली की दुसरी बाजू काय असेल, याचा अंदाज बांधायला आपलं डोकं कामाला लागतं, आणि हातातल्या कामावरचं लक्ष उडतं. "काय सांगतेस! मग? ... अगं पण पोलिसांना कळवलं का?" एवढंच ऐकू आल्यावर कुणाला पेपर वाचता येईल?

पैशाचाही यात मोठा वाटा आहे, असं मला वाटतं. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केलेला. त्या सुरुवातीच्या दिवसांत मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास पडायचे, आणि आलेल्या कॉलचेही पैसे लागत. ते २००३ साली बंद झाले. तोवर लोक कसे मोजकं बोलत! मिस्ड कॉल ही तर आपल्या लोकांनी काढलेली खास भाषा: एकदा वाजला तर पोचलो, दोनदा वाजला तर खाली ये. एक पैसा न खर्चता, कुणालाही त्रास न देता निरोप पोचायचा. आता बोलणं जवळजवळ फुकट झालंय. फुकट मिळालेल्या वस्तूला माप कसलं?

नियम झालेत हो. रात्री दहानंतर डब्यात मोठ्यानं फोनवर बोलू नये, गाणी लावू नयेत, अशा सूचना रेल्वेनं जानेवारी २०२२मध्ये काढल्या. एप्रिल २०२३मध्ये मुंबईच्या बेस्टनं बसमध्ये इअरफोनशिवाय मोबाइलचा आवाज लावायला मनाई केली. जपानमध्ये तर फोनचा आवाज बंद करण्याच्या सोयीचं नावच 'मॅनर मोड' आहे. आपल्याकडे त्या बटणाला 'सायलेंट' म्हणतात. बहुतेकांना ते कुठे असतं हे तिसऱ्या घंटेनंतर शोधावं लागतं.

नाटकाचा विषय निघालाच म्हणून सांगते. २०१९ साली सुबोध भावे यांनी प्रयोगात वाजणाऱ्या फोनांना कंटाळून, नाटकात काम करणंच थांबवावं का, असं जाहीरपणे लिहिलं होतं. तेव्हा आम्हा मैत्रिणींमध्ये बरीच चर्चा झाली. सगळ्या एकमुखानं नव्या पिढीला नावं ठेवत होत्या. मी मात्र नाट्यगृहात मुद्दाम बघत असते. वाजणारा फोन बऱ्याचदा माझ्याच वयाच्या माणसाचा असतो. तो पर्समध्ये किंवा पिशवीच्या तळाशी असतो, भक्तिगीताची रिंगटोन असते, आणि सापडेपर्यंत दोन कडवी होऊन जातात. तरुण मुलांचे फोन वाजत नाहीत. ती अंधारात पडदा उजळून निरोप वाचत बसतात, हा भाग वेगळा.

मला आवाजापेक्षाही जास्त लागतं ते दुसरंच. भाजीवालीपाशी बाई उभ्या असतात, कानाला फोन. मेथीकडे बोट, मग दोन बोटं, मग पैसे. भाजीवालीशी एक शब्द नाही. बँकेच्या काउंटरवर तेच. समोरचा कारकून स्लिप हातात धरून थांबलेला, आणि आपण "हां, बोल बोल" म्हणून त्याला हातानंच खुणावतो. समोरचं माणूस म्हणजे जणू यंत्र. आम्ही ऑपरेटर मुलीही पुष्कळांना तशाच वाटायचो. पण निदान "नंबर प्लीज" म्हटल्यावर लोक आधी "ताई" म्हणायचे आणि मग नंबर सांगायचे.

आता बाईंबद्दल.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. रात्रपाळी होती. तार ऑफिसच्या काउंटरवरून एका गृहस्थांनी मुंबईला अर्जंट कॉल बुक केला होता. तीन मिनिटं झाली म्हणून मी लाइनवर गेले. दोन्हीकडे कुणी बोलत नव्हतं. तिकडून भावानं वडील गेल्याचं सांगितलं होतं आणि इकडचा नुसता रिसीव्हर धरून उभा होता. मी नेहमीचं वाक्य म्हणणार, तेवढ्यात बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब. त्यांना बोलायचं असेल."

मी कुजबुजले, "बाई, ते तर गप्पच आहेत."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

सात-आठ मिनिटं ती लाइन तशीच उघडी होती. नंतर बाईंनी कॉलच्या तिकिटावर स्वतःच्या हातानं तीन मिनिटं लिहिली. नियमात बसणारं नव्हतं. इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही.

बाई निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे राहायला गेल्या. मी वर्षातून एकदा तरी जायची. दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हा त्यांनी चौऱ्याऐंशी ओलांडली होती. घरात दोघीच होतो. इकडचं तिकडचं झालं. मग त्या खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "अगं, बरं झालं आलीस. तुला एक सांगायचं होतं. घरात कुणाला बोलले नाहीये."

आणि माझा फोन वाजला. मी घेतला. "बोला बाई," म्हणून फोन खाली ठेवते तर पुन्हा वाजला. तोही घेतला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उचलला नाही, पण कुणाचा आहे म्हणून मान खाली घालून बघितलं. मान वर केली तेव्हा बाई उठल्या होत्या.

"घ्या, घ्या तुम्ही. कामाचा असेल," त्या म्हणाल्या.

चाळीसहून अधिक वर्षांत बाईंनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. एक्स्चेंजमध्ये अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलायच्या तोच स्वच्छ, अदबीचा आवाज. त्या स्वयंपाकघरात गेल्या, चहा टाकला, आणि मग आम्ही पावसाबद्दल बोललो. निघताना मी विचारलं, "बाई, काय सांगणार होतात?" "काही नाही गं, विसरले बघ," म्हणाल्या. पुन्हा 'गं' आलं, म्हणून मला हायसं वाटलं. पुढच्या खेपेला विचारू, असं मनाशी ठरवून मी गाडी पकडली.

दिवाळीच्या आधी त्यांच्या मुलाचा फोन आला. बाई गेल्या होत्या. भेटायला गेले तेव्हा त्याला मी त्या दिवशीचं काही विचारलं नाही. घरात कुणाला बोलायचं नव्हतं, एवढं तर मला माहीत होतं.

त्या तीन फोनांपैकी पहिला पार्सलवाल्याचा होता. दुसरा कर्ज हवंय का, असं विचारणाऱ्या मुलीचा. तिसरा कुणाचा होता, ते मला आता आठवतही नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)