गिरवलेली रेघ



लहानपणी आमच्या घराला पूर्वेकडे एक खिडकी होती. सकाळचे ऊन तिच्या काचेवर आले, म्हणजे मी मासिकातले एखादे चित्र काचेवर धरीत असे, त्यावर पातळ कागद ठेवीत असे आणि खालून उमटणाऱ्या रेघा पेन्सिलीने गिरवीत असे. असा गिरवलेला एक मारुती मी एकदा चित्रकलेच्या तासाला मोठ्या हौसेने दाखविला. गुरुजींनी तो उजेडाकडे धरला, क्षणभर न्याहाळला आणि ‘ही चोरी आहे’ एवढेच म्हणून त्यावर आडवी रेघ ओढली. त्या दिवसापासून माझी चित्रकला संपली. पुढे यथाकाळ मी सरकारी नोकरीत शिरलो. तेथे मागच्या फायलीतील टिपणी गिरवण्यास कोणी चोरी म्हणत नाही. त्यास पूर्वोदाहरण असे भारदस्त नाव आहे!

ही जुनी आठवण आज निघण्याचे कारण असे, की सगळी उभारणी गिरवण्यावरच झालेली चित्रपटांची एक शाखा आहे, आणि माझ्या गुरुजींचा तो आरोप तिलाही जन्मभर चिकटलेला आहे.

मॅक्स फ्लायशर या अमेरिकन चित्रकाराने १९१५ साली एका यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते त्याला १९१७ साली मिळाले. या यंत्राचे नाव रोटोस्कोप. त्याची रचना माझ्या खिडकीहून फारशी निराळी नव्हती. आधी जिवंत माणसाच्या हालचालींची फिल्म घ्यावयाची. मग तिची एकेक चौकट काचेवर पाडावयाची, काचेवर कागद ठेवावयाचा आणि त्या माणसाची बाह्यरेषा हाताने गिरवावयाची. मॅक्सचा भाऊ डेव्ह विदूषकाचा वेष घालून कॅमेऱ्यापुढे नाचला आणि त्या नाचातून कोको नावाचा शाईचा विदूषक जन्मास आला. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. प्रत्येक चौकट रेखाटावयाची म्हटली, तर एका मिनिटाला एक हजार चारशे चाळीस चित्रे लागतात! चोरीच करावयाची, तर याहून कमी कष्टाची शेकडो प्रकारची चोरी जगात उपलब्ध आहे.

पुढे ही पद्धत प्रौढांसाठी असलेल्या अद्भुतकथांच्या विशेष उपयोगी पडली. राल्फ बाक्शी या दिग्दर्शकाने १९७८ साली टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या महाकादंबरीच्या साधारण अर्ध्या भागावर दोन तास बारा मिनिटांचा चित्रपट काढला. आधी नटांकडून सारे प्रसंग करवून घेतले. लढायांचे चित्रीकरण स्पेनमध्ये झाले. आणि मग त्यावरून चित्रे तयार झाली. काही ठिकाणी तर छायाचित्रावरच रंगांचे संस्कार करून भागविलेले दिसते, आणि टीकाकारांनी त्यावर नेमके बोट ठेवले. १९८३ साली त्याच बाक्शीने फ्रँक फ्रॅझेटा या चित्रकाराबरोबर ‘फायर अँड आइस’ काढला. ही परंपरा अगदी अलीकडेपर्यंत चालू आहे. २०२१ सालचा ‘द स्पाइन ऑफ नाइट’ हा चित्रपटही असाच हाताने गिरवलेला आहे.

आता कोणी विचारील, की राक्षस, जादूगार आणि मायानगरी यांच्या कथेला खऱ्या माणसाच्या हालचाली कशाला हव्यात? माझ्या मते त्या तेथेच अधिक हव्यात. मुलांच्या कार्टूनमधील उंदीर कड्यावरून पडतो, चपटा होतो आणि अंग झटकून पुन्हा धावू लागतो. प्रौढांच्या कथेत पडलेला माणूस मरावा लागतो. त्याच्या देहाला वजन असावे लागते, थकलेल्या पावलाला ओढ असावी लागते. ज्या जगात बाकी सर्व काही कल्पित आहे, तेथे निदान देह तरी खरा असावा, म्हणजे भय खरे वाटते. गिरवणारा हे वजन पकडतो. छायाचित्रातील हजार रेषांपैकी कोणत्या दहा ठेवावयाच्या, हे त्यालाच ठरवावे लागते, आणि त्याचे कसब या निवडीतच असते.

तेव्हा गिरवणे ही चोरी नव्हे, असा निकाल मी मनाशी देऊन टाकला होता. परंतु तंजावरला गेलो, आणि या निकालास एक पुरवणी जोडावी लागली.

गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त मी तेथे होतो. सवड मिळताच बृहदीश्वराच्या मंदिरात गेलो. राजराज चोळाचे हे मंदिर १०१० साली पुरे झाले. मराठी माणसाला तेथे आधी ओढ लागते ती आपल्या अक्षरांची, कारण सरफोजीराजांच्या वेळी, १८०३ साली, भोसले घराण्याचा इतिहास या मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरविला गेला. परमुलखात, दगडावर, आपली भाषा वाचताना ऊर भरून आला, हे कबूल केले पाहिजे. तो लेख राजांच्या नावांचा आहे. मात्र मजबरोबर जे तमिळ स्नेही होते, त्यांनी मंदिरावरील दुसऱ्या, हजार वर्षे जुन्या लेखाविषयी सांगितले, आणि मी थबकलो.

राजराजाने ठिकठिकाणच्या मंदिरांतून सुमारे चारशे नर्तकी आणून या मंदिराभोवतीच्या आळ्यांत वसविल्या. त्या लेखात प्रत्येकीचे नाव आहे, ती कोणत्या मंदिरातून आली ते आहे, कोणत्या आळीतील कितवे घर तिचे, तेही आहे. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात. ती मरण पावली वा निघून गेली, तर तिचा वाटा कोणाकडे जावा याचाही नियम आहे. आम्हा सरकारी माणसांच्या भाषेत सांगावयाचे, तर हा वेतनपट आहे! त्या स्त्रिया आपखुशीने आल्या होत्या की नाही, हे वेतनपट सांगत नाही. तो कधीच सांगत नसतो. पण नावे त्याने राखली.

याच मंदिराच्या विमानात, वरच्या मजल्यावरील गाभाऱ्याभोवतीच्या बोळात, नाट्यशास्त्रातील एकशे आठ करणे कोरावयास घेतली होती. तेथे सर्वांस प्रवेश नसतो. मीही ती छायाचित्रांतूनच पाहिली. नाचणारा स्वतः शिव आहे. करण म्हणजे थिजलेली मुद्रा नव्हे, ती हातापायांची एक पुरी हालचाल होय, हे पद्मा सुब्रह्मण्यम् यांनी आपल्या अभ्यासाने आणि नृत्याने दाखवून दिले. म्हणजे दगडाची एकेक पाटी ही गतीतून उचललेली एकेक चौकटच झाली. खालच्या आळीतील नर्तकींना पाहूनच ही करणे खोदली, असे कोणताही लेख सांगत नाही. परंतु नाच कधीच न पाहिलेल्या हाताला असा वळलेला गुडघा खोदता येईल, हे माझ्या मनाला पटत नाही. देह कोणा तरी माणसाचा; पडद्यावर देव.

आणि येथेच ती पुरवणी आहे. ज्याचा देह गिरवला, त्याचे नाव कोठे आहे? १९३२ साली फ्लायशरांनी ‘मिनी द मूचर’ नावाचा छोटा कार्टूनपट काढला. त्यात भुताच्या रूपातील एक वॉलरस नाचतो. ती पावले कॅब कॅलोवे या गायकाची. पण चित्रपट उघडतो तो खुद्द कॅलोवेच्या नाचानेच, म्हणजे ऋण आधीच मान्य केलेले आहे. याउलट डिस्नेच्या १९३७ सालच्या हिमगौरीसाठी मार्ज चॅम्पियन या तरुण नर्तकीने अभिनय करून दाखविला, तिच्या फिल्मवरून चित्रकारांनी हिमगौरीला चालविले. श्रेयनामावलीत तिचे नाव आले नाही. २०१४ साली तमिळमध्ये ‘कोचडैयान’ निघाला. तेथे हालचाल टिपली ती संगणकाने, आणि देह कोणाचा हे सांगावे लागले नाही. पण प्रत्येक देह काही रजनीकांतचा नसतो. आता तर यंत्रे क्षणार्धात लाखो चित्रे आणि हालचाली गिरवतात, आणि कोणाचे काय गिरवले याचा वेतनपट कोठेच ठेवला जात नाही. हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाच्या कारकुनांना जे सुचले, ते आम्हाला सुचू नये?

एकशे आठांपैकी एक्याऐंशी करणे कोरून झाली. सत्तावीस पाट्या कोऱ्याच राहिल्या. काम का थांबले, हे तेथे लिहिलेले नाही.

घरी परतल्यावर मी एक पातळ कागद आणला आणि चाळीस वर्षांनी पुन्हा खिडकीच्या काचेवर मारुती गिरवला. हात कापत होता, शेपूट काहीसे वाकडे आले. चित्राखाली मूळ चित्रकाराचे नाव लिहिले, आणि त्याखाली, लहान अक्षरांत, ‘गिरवणारा’ म्हणून माझे. गुरुजींनी त्या दिवशी आडवी रेघ न ओढता एवढेच शिकविले असते, तर बरे झाले असते.