मुलगी वाढतेय, म्हणजे काय होतंय?

(जालना जिल्ह्यातील एका महिला मेळाव्यात केलेले भाषण)



माझ्या 13 वर्षांच्या मुलीच्या दातांना गेल्या महिन्यात तार बसवली. खर्च मोठा आहे, हप्त्यानं फेडतेय. गावी कळलं तेव्हा एका मावशींनी विचारलं, "आत्तापासूनच स्थळं बघता का?" दुसऱ्या म्हणाल्या, "बरं केलं, लग्नापर्यंत दात सरळ होतील." दात तिचे, पण दोघींच्या डोळ्यांसमोर तिला बघायला येणारेच! तिचं तिला दुःख वेगळंच आहे. दातानं ऊस सोलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. जबडा अजून वाढतोय, म्हणून हेच वय योग्य. तारेचा ताण हळूहळू पडतो, दाताच्या एका बाजूचं हाड विरतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं. घाई केली तर मुळांना इजा होते. दीड-दोन वर्षं लागतील. मी मनात हिशोब केला, म्हणजे 15. आपल्याकडे याच वयात म्हणतात, "पोर शहाणी झाली, आता उरकून टाका."

खरं सांगते, तिचा चेहरा बदलतोय ते बघून माझ्या पोटात कालवतं. पुढचे दोन दात पडलेलं, फटीतून शिट्टी वाजवणारं लेकरू आता दिसणार नाही. आनंद होतो आणि लगेच भीतीही वाटते. मी मोठी होत होते तेव्हा घरात कुणाला आनंद झाल्याचं मला आठवत नाही. रोज नवं काहीतरी बंद व्हायचं: ओट्यावर बसणं, मोठ्यानं हसणं, सायकल. मुलगी वाढतेय याचा नुसता आनंद करायचा, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही.

आणि हा आनंद सगळ्याजणींच्या वाट्याला येत नाही. मंठा तालुक्यातली एक ऊसतोडणीला जाणारी आई मला म्हणाली, "ताई, तुमची पोर तुम्हाला लेकरू दिसती. माझी दिसली की मला कोपी दिसती. कोपीला दार नसतं." तिनं मुलीचं लग्न ठरवलं होतं. तिला हावरट म्हणणं सोपं आहे. मला ती घाबरलेली दिसली. दिवाळीच्या सुमारास निघायचं, उन्हाळा लागता परतायचं. मुलीला म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायचं की फडावर न्यायचं? शिवाय लग्न झालं की नवरा-बायकोचा नवा कोयता होतो, उचल मिळते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जालन्यातल्या 20 ते 24 वयाच्या शंभरातल्या 35 स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा 22 च्या आसपास होता. बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 चा आहे, गावात ग्रामसेवक त्याचा अधिकारी आहे, 1098 वर फोन करता येतो. ते करायचंच. पण फोननं त्या कोपीला दार बसत नाही.

म्हणून मी वसतिगृहांचं बोलते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली, त्यात मुलींचं वसतिगृह वेगळं धरलंय. आपल्या तालुक्यात ते आहे का, जागा किती, रात्री बाई अधीक्षक थांबते का, हे ग्रामसभेत विचारा. दसऱ्याच्या आत विचारा. नंतर टोळ्या निघून जातात.