राणीछाप रुपयाची चिठ्ठी

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका आजींनी पुरचुंडी सोडली आणि सतरंजीवर सात रुपये मांडले. आताचे नव्हेत, जुने कलदार. नातीच्या फीसाठी मोडायचे होते. गावात फिरणारा एक भांडीवाला सातही एकाच भावानं घ्यायला तयार होता. तो भाव बरा की वाईट, हे आमच्यात कुणालाच सांगता येईना. मी बी. ए. झालेली, तरी मलाही नाही. आजींना म्हटलं, आठ दिवस थांबा. त्या आठ दिवसांत जे शिकले, ते आज सांगते.

आधी चेहरा बघा. १८३५ पासून कंपनी सरकारनं सगळीकडे एकसारखा रुपया पाडला, त्यावर विल्यम राजा. १८४० पासून व्हिक्टोरिया राणी, म्हणजे आपला राणीछाप. पण राणीछापाचे प्रकार आहेत. १८४० सालच्या रुपयावर मागं ‘ईस्ट इंडिया कंपनी’ लिहिलेलं असतं. १८६२ पासून त्या जागी ‘इंडिया’ आलं, कारण कंपनीचं राज्य संपलं होतं. तोवर राणीच्या नावापुढं ‘क्वीन’ असतं. १८७७ पासून ‘एम्प्रेस’, म्हणजे सम्राज्ञी. इंग्रजी वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोरीला बसवा, तिलाही गंमत वाटते. पुढचा एडवर्ड ओळखायला अगदी सोपा: रुपयावर त्याच्या डोक्यावर मुकुटच नाही, आणि तोंड आपल्या उजवीकडं. पंचम जॉर्ज दाढीवाला, मुकुट घातलेला. सहावा जॉर्ज मुकुटवाला, पण दाढी नाही.

एक गंमत सांगते. १८६२ साल छापलेले सगळेच रुपये त्या वर्षीचे नसतात. पुढं कित्येक वर्षं तोच आकडा छापत राहिले. म्हणून चिठ्ठीवर ‘छापलेलं साल १८६२’ असंच लिहायचं.

आता पैशाची गोष्ट. जुना रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. ऐंशी रुपये तागडीत टाकले की शेर व्हायचा. त्यात शंभरात जवळजवळ ९२ भाग चांदी, म्हणजे साडेदहा ग्रॅमच्या वर निव्वळ चांदी. पण १९४० पासून, लढाईच्या काळात, सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. वजन तेच, चेहरा तोच, चांदी सहा ग्रॅमपेक्षाही कमी. आणि १९४७ च्या रुपयात चांदी मुळीच नाही, तो निकेलचा; मागं वाघ आहे आणि लोहचुंबकाला चिकटतो. म्हणजे ‘सगळ्यांना एकच भाव’ म्हणणारा माणूस नेमका कोणत्या नाण्याचा भाव लावत असेल, ते तुम्हीच ताडा.

आजींच्या सातांत तीन राणीछाप निघाले, दोन पंचम जॉर्जचे, एक १९४४ चा. सातव्यावर राजाच नव्हता, चारमिनार होता! आपला बुलढाणा वऱ्हाडातला, १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात. पण पलीकडं जालन्याला निजामाचं राज्य, तिथं त्याचा स्वतःचा हाली सिक्का चालायचा. तो कलदारपेक्षा थोडा हलका. मी विचारलं, हा कुठून आला? आजी म्हणाल्या, “माह्या सासूनं देल्ला. तिचं माहेर तिकडचं.”

हे कुठल्याच नाण्यावर छापलेलं नसतं. म्हणून चिठ्ठी. प्रत्येक नाण्याला कागदाचं छोटं पाकीट करा. नाणं आत घालायच्या आधीच पेन्सिलनं लिहा: राजा किंवा राणी, छापलेलं साल, किंमत, धातू, वजन, टांकसाळीची खूण. बऱ्याच नाण्यांवर बारीक ठिपका किंवा ‘बी’ अक्षर असतं, ते मुंबईचं. ‘एल’ असेल तर लाहोरचं. कलकत्त्याच्या नाण्यांवर बहुधा खूणच नसते. शेवटी, कुणाकडून आलं ते. पाकिटावर नंबर टाका आणि तोच नंबर वहीत, आपण बचतीच्या नोंदी ठेवतो तसा. नाण्याला चिकटपट्टी लावू नका.

आणि घासू नका. मी लग्नाआधी आजोळचा ढब्बू पैसा चिंच-मिठानं लख्ख केला होता. चमकला खूप, पण झिजलेलं साल पार पुसून गेलं. आता तो कोणत्या राजाचा हे मलाही सांगता येत नाही.

फोनवर ‘तुमच्या नाण्याचे लाखो देतो, आधी कमिशन भरा’ म्हणणाऱ्यांचा तर विषयच नको. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट सांगितलंय की ती असा व्यवहार करत नाही आणि कमिशनही मागत नाही. रामपंचायतनाचं चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेलं तांब्याचं नाणं कुणी दाखवलं तर हात जोडा. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. शेतात नांगरताना मडकं सापडलं तर मात्र गोष्ट वेगळी. १८७८ च्या कायद्यानं ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आजींनी १९४४ चा आणि पंचम जॉर्जचे दोन असे तीनच रुपये मोडले. दोन सराफांकडं वजन करून, वेगवेगळा भाव विचारून. फी भागली. बाकीचे चार पाकिटांत आहेत. चारमिनारच्या पाकिटावर नातीनं तिच्या अक्षरात लिहिलंय: नंबर ७, हाली रुपया, चांदी, पणजीचं माहेर, जालन्याकडचं.