सोने निघाल्यावर उरणारे पाणी



सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना धातू-सेंद्रिय जालकांच्या कामाबद्दल २०२५चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि सच्छिद्र पदार्थांविषयीचा आपला उत्साह दुणावला. तो रास्तच आहे. २०२२ साली जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. या ढिगातून सोने वेचणारे पदार्थ आपल्या हाती येत आहेत. पण अशा पदार्थाने किती सोने पकडले एवढ्यावर त्याची परीक्षा करू नये, असे माझे ठाम मत आहे. सर्किट बोर्ड विरघळवण्यापासून शेवटचे पाणी सोडेपर्यंतचे सगळे काम त्याने किती निर्धोक केले, हे पाहिले पाहिजे.

रॅमच्या पट्टीची सोनेरी कड पाहा. तांब्यावर निकेलचा थर आणि त्यावर सोन्याचा अगदी विरळ मुलामा. ती अम्लराजात बुडवली की तांबे, निकेल, सोने सगळेच द्रावणात उतरते, आणि त्यात सोने नगण्य असते. तेवढेच नेमके उचलणे ही या पदार्थांची खरी करामत. स्वित्झर्लंडमध्ये वेंडी क्वीन यांच्या गटाने २०१८ साली लोहाच्या जालकात पॉलिमर भरून केलेल्या पदार्थाने ग्रॅममागे ९३४ मिलिग्रॅम सोने धरले. झुरिकच्या ईटीएचमध्ये चीज करताना उरणाऱ्या निवळीतल्या प्रथिनांपासून एरोजेल बनवले गेले आणि २० जुन्या मदरबोर्डांतून ४५० मिलिग्रॅमचा गोळा निघाला. त्यात ९१ टक्के सोने, बाकी तांबे. मला हे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते, कारण त्याचा कच्चा माल दूधधंद्यात मुबलक उरतो. अशा बऱ्याच पदार्थांत सोन्याचे आयन छिद्रांत नुसते अडकत नाहीत, तिथेच क्षपण होऊन धातूचे कण बनतात. क्षमतेचे आकडे म्हणूनच एवढे फुगतात. मात्र धातू झालेले सोने साध्या धुण्याने सुटत नाही. थायोयुरियासारखे रसायन तरी लागते, नाहीतर पदार्थच जाळावा लागतो. जाळायचाच असेल, तर तो केवढ्याला पडला हे आधी सांगायला हवे.

मूलभूत संशोधकाला सांडपाण्याचा हिशेब विचारू नये, असे म्हटले जाते. रॉब्सन यांना १९८९ साली कोणी उपयोग विचारत बसले असते तर हे शास्त्र उभेच राहिले नसते, हे मला मान्य आहे. पण ज्या शोधनिबंधाची सुरुवातच ई-कचऱ्याच्या संकटाने होते, त्याला हा हिशेब चुकवता येणार नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: बेल्जियममधल्या होबोकेनसारख्या ठिकाणी मोठ्या भट्ट्या हे काम करतातच, मग नवे पदार्थ कशाला? कारण आपले बहुतेक भंगार तिथवर जात नाही. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये, मुरादाबादमध्ये बोर्ड हातांनी सोडवले गेले, ॲसिडच्या टबात बुडवले गेले आणि उरलेले ॲसिड गटारात गेले. अशा गल्लीत भट्टी उभी राहणार नाही, लहान संच राहू शकेल. त्याच टबाशेजारी केवळ जास्त सोने देणारा पदार्थ नेऊन ठेवला, तर ॲसिडचा धंदा आणखी किफायतशीर होईल आणि गटारात तांबे व शिसे पूर्वीइतकेच जाईल. ही भीती मला सर्वांत मोठी वाटते.

ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाचे २०२५चे काम म्हणूनच लक्षपूर्वक वाचावे. जलतरण तलावाच्या पाण्यासाठी वापरतात ते क्लोरीनयुक्त संयुग आणि खारे पाणी यांनी सोने विरघळवायचे आणि गंधकाच्या पॉलिमरने ते धरायचे, असा दोन्ही टोकांचा एकत्र विचार तिथे झाला. क्लोरीनची संयुगे निरुपद्रवी नसतात, तरी प्रश्न योग्य मांडला गेला. आपल्या परीक्षण समितीपुढे मी एक प्रस्ताव ठेवतो: पुढील अधिवेशनापासून अशा प्रत्येक निबंधात क्षमतेच्या आकड्याशेजारी, खऱ्या बोर्डांच्या द्रावणात पदार्थ किती फेऱ्या टिकला, सोने सोडवायला काय लागले आणि उरलेल्या पाण्यात तांबे, निकेल व शिसे किती राहिले, हे नोंदवणे सक्तीचे करावे.