तळघरातील रोजनिशी आणि तिचे वाचक



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांच्या इंग्रजीच्या तासाला मी चार वर्षे बसलो. अमुक पुस्तक आवडले असे कुणी सांगितले, की सर म्हणत, "पुस्तकात काय आहे ते पुस्तकात सापडेल, वाचताना तुझे काय झाले ते सांग." या प्रश्नाला त्या वयात माझ्यापाशी उत्तर नसे. आज एका कादंबरीपुरते ते देण्याचा प्रयत्न करतो. उत्तर फारसे भूषणावह नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

ही कादंबरी म्हणजे जॉन फाउल्स या इंग्रज लेखकाची १९६३ साली प्रसिद्ध झालेली 'द कलेक्टर'. कलेक्टर म्हटले की आपल्याकडे जिल्हाधिकारी डोळ्यांपुढे उभा राहतो. १९७२ साली बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून मी ते पुस्तक उचलले, ते काहीसे त्याच समजुतीने! हा कलेक्टर निघाला फुलपाखरे जमविणारा. फ्रेडरिक क्लेग हा नगरपालिकेच्या कचेरीतील एकाकी कारकून. फुटबॉलच्या सामन्यांवरील पैजेत त्याला ७३,००० पौंडांहून अधिक रक्कम मिळते. तो ससेक्समध्ये तळघर असलेले एक जुने घर विकत घेतो. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकणाऱ्या मिरांडा ग्रे या वीस वर्षांच्या मुलीवर त्याने दुरून पाळत ठेवलेली असते. तिला क्लोरोफॉर्म हुंगवून तो पळवितो आणि त्या तळघरात कोंडतो. पुस्तके, कपडे, चित्रकलेचे साहित्य, ती मागेल ते आणून देतो. फक्त दार उघडत नाही. पुढे तिला न्यूमोनिया होतो, तो डॉक्टर आणीत नाही, आणि ती मरते.

कथानक एवढेच. परंतु फाउल्सने त्याची मांडणी अशी केली आहे, की पहिला मोठा भाग क्लेग स्वतः सांगतो, दुसऱ्या भागात मिरांडाची तळघरात लिहिलेली रोजनिशी येते आणि शेवट पुन्हा क्लेगच्या तोंडी आहे. म्हणजे तेच दिवस आपण दोनदा वाचतो.

पहिला भाग मी एका रात्रीत संपविला. त्यात एक प्रसंग आहे. एक अनोळखी गृहस्थ अचानक दारात येऊन उभा राहतो. घरात मिरांडा तोंडात बोळा कोंबलेल्या, हातपाय बांधलेल्या अवस्थेत आहे. माझी छाती धडधडू लागली. त्या गृहस्थाला काही ऐकू यावे म्हणून नव्हे. तो लवकर जावा म्हणून! आईबापांवाचून वाढलेला, बुजरा, सुशिक्षितांच्या भाषेला बिचकणारा हा कारकून पकडला जाऊ नये, असे मला मनापासून वाटत होते. रोजनिशीचा भाग आला आणि मी कंटाळलो. ही मुलगी चित्रकलेविषयी, अण्वस्त्रविरोधाविषयी, आपल्याहून वयाने मोठ्या अशा एका चित्रकाराविषयी पानेच्या पाने लिहिते, आणि आपल्याला कोंडणाऱ्याच्या अडाणीपणाला हसते. मला ती शिष्ट वाटली. पाने भराभर उलटून मी शेवट गाठला.

महाविद्यालयातील एका मैत्रिणीने हे पुस्तक वाचले होते. मी क्लेगची बाजू हिरिरीने मांडू लागलो, तेव्हा तिने एवढेच विचारले, "रोजनिशीत तिने त्याला नाव काय दिले आहे?" मला सांगता येईना. शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मधील मिरांडा आपल्याला ठाऊक आहे. क्लेग आपले नाव फर्डिनंड असे सांगतो, म्हणजे त्याच नाटकातील राजपुत्राचे, मिरांडेच्या प्रियकराचे. आणि ही मिरांडा रोजनिशीत त्याला कॅलिबन म्हणते. मैत्रीण म्हणाली, "तू अर्धे पुस्तक वाचलेस, आणि तेही त्याचेच."

असे वाचणारा मी एकटा नव्हतो, असे मागाहून कळले. पण त्याने फारसे समाधान होत नाही. इंग्लंडातील काही परीक्षकांनी ही गुन्हेकथा म्हणून बाजूला ठेवली. कित्येकांना क्लेगची दया आली, कित्येकांना मिरांडाचा राग आला. फाउल्सलाही आपले म्हणणे समजावून सांगणे भाग पडले. 'द ॲरिस्टॉस' या आपल्या चिंतनपर ग्रंथाच्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत तो या कादंबरीकडे वळतो. क्लेग जसा झाला, तो कोत्या परिस्थितीमुळे आणि निकृष्ट शिक्षणामुळे. आणि मिरांडाही निर्दोष नाही, ती आढ्यताखोर आहे, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. मात्र ती जगती तर खूप वाढली असती, हेही तो सांगतो. मला वाटते, येथेच तो आपल्याला पकडतो. विशीतल्या मुलीने शिष्ट असू नये काय? कोंडून घातलेल्या माणसाने वाचकाला आवडेल असेच लिहिले पाहिजे, ही अट कुणी घातली?

आपण मराठी वाचक या पुस्तकाकडे येतो ते थोडे वेगळ्या वाटेने. हरण हा शब्द आपल्याला मंगलाष्टकांच्या जवळचा वाटतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले, आणि सुभद्राहरणाने पिढ्यान् पिढ्या प्रेक्षक आनंदले. ते योग्यच होते. तेथे सुभद्रेचे मन अर्जुनावर आहे, हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते. क्लेगही आपण वरच आहोत अशा समजुतीत वावरतो. पण त्याच्या मिरांडेचे मन कुणी विचारलेले नसते. आपल्या वर्तमानपत्रांनी तर यासाठी एक शब्दप्रयोगच रूढ केला आहे. मुलीवर हल्ला झाला की मथळा येतो, 'एकतर्फी प्रेमातून'. त्यातला प्रेम हा शब्द हल्ला करणाऱ्याचा आहे. बातमीदार तो निमूटपणे उतरवून घेतो, आपण तो वाचतो, आणि क्लेगचा पहिला भाग तेथे पुन्हा सुरू होतो.

या पुस्तकाच्या एका वाचकाची प्रतिक्रिया मात्र सांगताना जीभ अडखळते. १९८५ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, लिओनार्ड लेक आणि त्याच्या साथीदाराचे खून उघडकीस आले. स्त्रियांना कोंडून ठेवण्याच्या आपल्या बेताला लेकने मिरांडाचे नाव दिले होते, ते याच कादंबरीवरून. म्हणून पुस्तकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. त्याने तिचे नाव घेतले. तिने लिहिलेल्यातले काही त्याच्यापर्यंत पोहोचले होते, असे त्याच्या कृत्यांवरून दिसत नाही. तरीही हे वाचले तेव्हा मला १९७२ सालची ती रात्र आठवली, आणि भराभर उलटलेली ती पाने.

दुसरी आठवण अधिक जवळची आहे. त्या वेळी मी दुसऱ्या एका गावातील शाळेत शिकवीत होतो. दहावीतील एका मुलीच्या मागे एक तरुण सायकलवरून रोज घरापर्यंत जाई, चिठ्ठ्या टाकी. शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली. मुलगा कुणाचा, वडील कधी वारले, कुठे नोकरी करतो, ही सर्व माहिती आम्ही मिळविली. "मुलगा तसा वाईट नाही," असे कुणीतरी म्हणाले आणि मीही मान डोलावली. मुलीला मात्र त्या खोलीत कुणी बोलावले नाही. एकदा मधल्या सुटीत ती इंग्रजी निबंधाची वही घेऊन दाराशी आली आणि उभी राहिली. काय ग, असे मी विचारले. ती काही बोलली नाही. "वही ठेव आणि जा," मी म्हणालो. पुढच्या आठवड्यापासून वडिलांनी तिची शाळा बंद केली, आणि त्याच वर्षी तिचे लग्न लावून दिले.

वही माझ्याकडेच राहिली. मी तिच्यातली स्पेलिंगे लाल शाईने दुरुस्त करून ठेवली होती. निवृत्त झाल्यावर कपाट आवरताना ती हाती आली, तेव्हा प्रथमच मी तो निबंध सलग वाचला. विषय 'माझी शाळेची वाट' असा मीच दिलेला होता. तिने लिहिले होते, की ती आता मोठ्या रस्त्याने येत नाही, नदीकाठच्या लांबच्या वाटेने येते. का, ते लिहिलेले नव्हते. वाक्याखाली माझी लाल रेघ होती. क्रियापदाचा काळ चुकला होता.